गावाबाहेरची घरं

ट्युनिशियातल्या त्या लहानशा गावाची पाणीयोजना माझ्याकडे आली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या आमच्या ऑफिसात माझ्याहून जुने इंजिनिअर होते, तरी वर्षभर तिथे राहायला साहेबांनी निवडलं ते मला! घरी जाताना एमआरटीच्या गाडीत मी गावाचा नकाशा मांडीवर उलगडूनच बसले. शेजारच्या बाईंनाही दाखवला असता, पण त्या डुलक्या घेत होत्या.

वुडलँड्सच्या फ्लॅटवर पोचताच नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आईला एका दमात सगळं सांगितलं. मागे डोंगर, उतारावर ऑलिव्हच्या बागा, पायथ्याशी पाऊस पडला तरच वाहणारी नदी, मधे बाजार, मशीद, शाळा. वस्ती जेमतेम काही हजारांची, त्यातली बरीच तरणी पोरं कामासाठी शहरात गेलेली.

आईने चष्मा लावला. आता एकटी मुलगी, परका देश असलं काहीतरी काढणार, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने नदीपलीकडच्या विखुरलेल्या घरांवर बोट ठेवलं.

"ही कुणाची?"

मला माहीत नव्हतं.

"म्हणजे तिथेही आहेच," ती म्हणाली.

आईचं बालपण गावकुसाबाहेर गेलं. गावची विहीर तिच्या माणसांनी लांबूनच बघायची. जिथे माणसं वेशीबाहेर ठेवतात तिथे लेकीला पाठवणार नाही, असं सांगून ती भाजी चिरायला बसली. माझा नुसता संताप झाला. पण तिने लोकांचे कपडे शिवून मला इंजिनिअर केलं होतं. तिला दुखवून मी गेले नसते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या नगरपालिकेच्या इंजिनिअरशी फोनवर बोलायचं ठरलेलंच होतं. पाइपलाइन राहिली बाजूला, आधी मी त्या घरांचंच विचारलं. त्याला नवल वाटलं. ती गावातल्याच जुन्या बागायतदारांची घरं होती. बागेजवळ राहणं सोयीचं म्हणून ते आपखुशीने तिकडे गेले होते.

ऑफिसातून घरी मी जवळजवळ पळतच आले. आईने मला सगळं दोनदा सांगायला लावलं.

"कुणी घालवलं नाही त्यांना?"

"नाही. आपणहून गेले."

तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि नकाशापाशी आली. मग बाजाराच्या चौकावर बोट टेकवलं.

"जा. पण घर इथे घे. अगदी मधोमध."