पाण्याचा डबा

"पळणं हा तुझा पोटाचा धंदा. आमचे सामने हौशी खेळाडूंचे. तुझं नाव घेता येणार नाही."

भोरच्या मैदानावर क्रीडामंडळाचे चिटणीस मला हे म्हणाले. काय करतोस, असं त्यांनी विचारलं होतं. मी छाती पुढं काढून सांगितलं, टपालाची थैली घेऊन डोंगरवाटेनं पळतो. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी नियम दाखवला. पळण्याचा पगार घेणारा चालत नाही. नावं लागली होती ती वकिलांच्या आणि कारभाऱ्यांच्या मुलांची. पोटासाठी पळायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मी वळलो, तर मागून चिटणिसांची हाक आली. "पळतोस ना? मग पळणाऱ्यांना पाणी दे."

आणि मी डबा उचलला. त्याची लाज अजून वाटते.

शर्यत भाटघरपर्यंत जाऊन परत यायची होती. मी कडेकडेनं पळत होतो. एका हातात डबा, दुसऱ्यात पेला. जो हात करील त्याला पाणी द्यायचं. परतीच्या चढावर सगळ्यांना धाप लागली. मला रोजचीच सवय. अंगात राग होता, पाय काही आवरेनात. शेवटच्या टप्प्यात मी सगळ्यांना मागं टाकलं आणि मैदानात आधी पोचलो. कुणी टाळी वाजवली नाही.

एकाच माणसानं वाजवली. माझे आबा. विंझरच्या वरच्या आमच्या धनगरवाड्यावरून मेंढरं भावावर सोपवून ते पहाटेच निघाले होते. माझं नाव घेतलं नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. खांद्यावरची घोंगडी सावरत ते थेट चिटणिसांपुढं गेले.

"सायेब, त्यो पयला आला त्यो माजा ल्योक. त्येचं बक्षीस?"

"म्हातारबा, तो शर्यतीत नव्हता. तो पाणक्या."

सगळं मैदान हसलं. आबांनी एकदा माझ्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. मग डोक्याचं पागोटं काढलं, हात जोडले.

"चुकी झाली, सायेब. माफी असावी."

माझ्या अपमानानं मला जाग आली नव्हती. त्या जोडलेल्या हातांनी आली. मी डबा तिथंच ओतला. आबांचे हात धरून सोडवले.

"आबा, माफी मागू नगा. पयला मीच आलोय."

चिटणीस ओरडले, "उद्याच्या शर्यतीत पाणी कोण देणार?"

"ज्येला तहान लागंल त्येनं आणावं."

पुढं कधी त्या दिवसाचा विषय निघाला, की म्हणायचे, "माजंच चुकलं, मला कळाया पायजे हुतं." मी किती समजावलं. आपली चूक नव्हती, हे न पटताच ते गेले. हे दुःख माझ्याबरोबरच जाईल.

पण एक ठरलेलं आहे. जिथं मला पळू देत नाहीत, तिथलं पाणी मी वाहणार नाही. माझी पोरंही वाहणार नाहीत.