बदकं दाराबाहेर चालली होती

"मॅडम, हे चित्र डुप्लिकेट आहे, असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या," जगतापसाहेब म्हणाले. मी अजून पिशवीतून भिंगही काढलं नव्हतं.

मी पालघरला जुनी चित्रं तपासते, दुरुस्त करते. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली पहिली मीच, आणि डिग्री छापचित्रांचीच. न बघता मी काही लिहून देत नाही.

साहेबांची बोईसरला केमिकलची फॅक्टरी. केबिनमध्ये सासऱ्यांनी भेट दिलेलं, उडत्या बदकांचं जुनं एचिंग. बदकांची तोंडं दाराकडे. वास्तुवाला म्हणाला, लक्ष्मी बाहेर चाललीय. काढावं तर सासरे रुसणार, आणि ते दुपारीच यायचे होते. नकली ठरलं असतं, तर "तुम्हाला फसवलं हो कुणीतरी" म्हणत उतरवता आलं असतं.

फ्रेम उघडली. हात पुसून कडेने बोट फिरवलं. छापताना कागदावर पडलेला पत्र्याचा चौकोनी दाब बोटाला लागला.

"अस्सल आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण लावायचं, सुईने चित्र ओरखडायचं, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. ॲसिड रेघा खातं. त्यांत शाई भरून कागद दाबायचा."

"कुठलं ॲसिड?"

"बहुतेक नायट्रिक."

"म्हणजे आपल्याच लाइनचा माणूस!" साहेब खुलले. "पण तोंडं?"

"छापताना चित्र उलटं होतं. म्हणून तर बंदूकवाला डावखुरा दिसतोय."

"कुठला बंदूकवाला?"

मी भिंग दिलं. पाणगवतात एक टोपीवाला गोरा दडला होता. इतकी वर्षं कुणालाच दिसला नव्हता.

"तेव्हाचे साहेब लोक शिकारीला जायचे आणि बंगल्यात अशी चित्रं लावायचे. कौतुक बदकांचं नाही, नेमाचं. ही बदकं जीव घेऊन पळतायत."

बंदूकवाला नेमका साहेबांच्या खुर्चीकडच्या बाजूला होता. प्यून बाबू खाली बघून हसला.

"समोरच्या भिंतीवर लावा, बदकं आत येतील," मी म्हटलं. बाबूने खिळा ठोकला. साहेब खुशीत खुर्चीत बसले.

"साहेब, आता नेम तुमच्यावर हाय," बाबू म्हणाला.

सासरे आले तेव्हा साहेब कोपऱ्यात कपाटाला चिकटून उभे होते.

"जावईबापू, तिथे काय करताय?"

"इथे एसी चांगला लागतो."

सासऱ्यांनी चित्राकडे बघून समाधानाने मान डोलावली आणि साहेबांच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"काका, तिथं नका—" बाबू पुढे झाला.

"बाबू, चहा आण," साहेब म्हणाले.

मी रिपोर्ट लिहिला: चित्र अस्सल. समोर बसण्याआधी नीट बघावं.