कोपरा फाडलेलं पत्र

आमच्या तुकडीला निरोप देताना मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं की तुम्ही देशाच्या मिशनवर निघाला आहात. मी तेव्हा बावीस वर्षांचा. भिलाईत लोखंडाची भट्टी अजून उभी राहत होती आणि ती चालवायची कशी हे शिकायला आम्हा वीसेक पोरांना सहा महिने रशियाला धाडत होते. भिलाई सोडली तर मी पाहिलेलं जग म्हणजे भंडाऱ्याकडचं आमचं गाव. मिशन म्हणजे काय ते मला नीटसं कळलं नाही, आईला तर अजिबातच नाही. तिने विचारलं, "तिथं भात भेटते का?"

"भेटते, पण बर्फावर वाढतात."

तिने ते खरं मानलं आणि पिशवीत आणखी पोहे कोंबले. रंगवून सांगायची खोड मला तेव्हापासूनच आहे.

तिकडे आमच्या वसतिगृहावर एका म्हातारीचं राज्य होतं. महिन्याभराने बाबांचं पहिलं हवाई पत्र आलं. पत्राचा कोपरा नव्हता. आमच्याकडे कोणी गेलं की कळवताना पत्राचा कोपरा फाडतात. मेल्याचं कागदावर लिहायला हात धजत नाही, म्हणून कोपराच सांगतो. मी घाईघाईने उघडून पत्र वाचलं, तर सगळे खुशाल. मग कळलं की म्हातारीच्या नातवाला परदेशी तिकिटं जमवायचा नाद, आणि ती आमची पत्रं आमच्या हाती देण्याआधीच कात्रीने तिकिटाचा कोपरा कापून घेत होती. मी तिच्यासमोर मरण्याचा, रडण्याचा, पुन्हा उठून बसण्याचा असा काही अभिनय केला की ती हसून हसून खुर्चीत कोसळली. मग मीच खुणेने सांगितलं, काप बाई, हवे तेवढे कोपरे काप.

रशियात येऊन तीन महिने होत आले तेव्हा बाबांचं एक पत्र आलं त्याचे दोन कोपरे गेलेले होते. एक कापलेला, दुसरा फाडलेला. मला वाटलं, म्हातारीची आज घाई झाली असेल. पत्राच्या माथ्यावर 'श्री' नव्हतं. बाबा कारखान्याच्या उभारणीवर खलाशी होते, उंचावर चढून गर्डर जोडायचे, रोजची ऊठबस देव न मानणाऱ्या रशियन लोकांत. मी खोलीतल्या पोरांना सांगितलं, "आमच्या बापाने देव सोडला." सगळे खूप हसले. मजकूर चार ओळींचा होता : काम पूर्ण शिकून घे, मधेच येऊ नको, जेवत जा, आम्ही आहोत.

त्याच संध्याकाळी मी उत्तर लिहिलं. तिथल्या सार्वजनिक न्हाणीघरात सगळे जण दिगंबर बसतात, अंगाला वाफ देतात आणि ओल्या फांद्यांनी एकमेकांना झोडपतात. मी लंगोट न सोडता आत शिरलो तर तेच मला बघायला गोळा झाले. असलं सगळं मीठमसाला लावून चार पानं भरली. शेवटी नेहमीप्रमाणे, आईला साष्टांग नमस्कार. पुढची सगळी पत्रंही याच थाटातली.

परतलो तेव्हा भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर दुपारी बाबा एकटेच सायकल घेऊन उभे होते. आई दारात ताट घेऊन थांबली असेल, हे मी धरूनच चाललो होतो. पेटी कॅरियरला बांधून आम्ही चालू लागलो. बाबा मितभाषी माणूस. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पुढे बघतच बोलले.

"तुही माय गेल्यापासून तुह्या पत्रांवरच दिवस काढले."

मी चालतच राहिलो.

"तीन दिवस ताप होता. तार केली असती तर तू सगळं सोडून आला असता. म्हणून कोपरा फाडला, माथ्यावर 'श्री' बी नाही लिवलं. सांगणंही झालं आन् बोलावणंही नाही." त्यांनी कॅरियरवरची पेटी सावरली. "कोपरा पाहून तू तिकडे किती रडला असशील, मले समजते. पण एक शब्द लिवला नाही. उलट ते न्हाणीघराचं असं लिवलं का मी हासलो. तेरवीनंतर पयल्यांदा हासलो. मले वाटलं, पोरगं तिकडे एकटं रडून राहिलं आन् मले हासवून राहिलं. मायले नमस्कार लिवणं बी नाही सोडलं तू. मी तिच्या फोटोपुढं वाचून दाखवत होतो."

आता सांगायचं काय? म्हातारी, कात्री, नातवाची तिकिटं? की मी ते पत्र पोरांना दाखवून हसलो होतो? सांगितलं असतं तर त्यांचा तीन महिन्यांचा आधार भर रस्त्यात मोडला असता. मी म्हणालो, "हो बाबा. समजलं होतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी शेजारपाजारची माणसं अंगणात जमली. बाजूच्या काकूंनी सुरुवात केली, "काऊन रे, एखादी मेम नाही आणली?"

"आणत होतो काकू, पण तिने तुमची भाजी खाल्ली असती तर परत पळाली असती."

"पाहा, रशियात जाऊनही जीभ तीच."

बाबा म्हणाले, "ते न्हाणीघराचं सांग."

मी उठून उभा राहिलो. लंगोट सावरून दाखवला, फांद्यांचा मार खाल्ला, वाफेत चाचपडलो. मधे एक वाक्य विसरलो तर बाबांनीच ते सांगितलं. त्यांना पत्र पाठ होतं. अंगण हसत होतं. बाबा हसता हसता डोळे पुसत होते आणि माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावत होते, की आपल्या दोघांचं आपल्यालाच ठाऊक.

त्यांना आई जाऊन तीन महिने झाले होते. मला चार तास.