टेबलावरचा चष्मा

गेल्या मंगळवारी आमच्या शाळेत खोटी आग लागली. म्हणजे लावली... आम्हीच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. राहतो जळगावात, पिंप्राळ्याला, आणि शाळा एरंडोलच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, सव्वीस पोरं.

आधी थोडं माझ्या फुशारकीबद्दल सांगतो. माझा एक जुना चष्मा आहे, एक काडी तुटलेला. वर्गाबाहेर जायचं असलं की मी तो टेबलावर पोरांकडे तोंड करून ठेवायचो. चष्मा टेबलावर म्हणजे सर वर्गात. जागेवरून कोणी उठायचं नाही... उठला, त्याचं नाव फळ्यावर.

सुरुवातीला गंमत म्हणूनच केलं होतं. पण पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की मी अर्धा तास ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसलो तरी वर्गातून हूं की चूं नाही. साहेब लोक तपासणीला आले, तेही बघून खूश झाले. आमच्या मूल्यशिक्षणाच्या फाइलमध्ये 'स्वयंशिस्त' या मथळ्याखाली त्या चष्म्याचा फोटो चिकटवलेला होता. मीच काढलेला, मीच चिकटवलेला.

तर मंगळवार... शाळेचा सुरक्षा आराखडा कागदावर कधीचाच तयार होता. भिंतींवर बाण रंगवून झाले होते. लांब घंटा वाजली की रांगेने मैदानातल्या लिंबाखाली यायचं, हे आठवडाभर शिकवून झालं होतं. फक्त दिवस कोणता, ते पोरांना सांगितलं नव्हतं.

शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले आबा. धूर दिसल्याशिवाय पोरांना खरं वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी घमेल्यात थोडा ओला पाला पेटवला आणि घमेलं शाळेच्या मागे ठेवलं.

मोबाइलवर वेळ मोजायचं काम माझ्याकडे होतं. पाणी पिऊन येतो असं सांगून मी वर्गातून निघालो आणि निघताना सवयीने... चष्मा टेबलावर ठेवला. त्या क्षणी डोक्यात काहीही आलं नाही. आजही त्याचंच नवल वाटतं.

घंटा वाजली. पहिली आली, दुसरी आली, चौथी तर हसत-खिदळत आली. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रांगा मोजत होत्या, मी मोबाइलकडे बघत होतो. तेवढ्यात आबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, तुमनी तिसरी कोठे शे?"

मी वर पाहिलं. वारा फिरला होता... घमेल्यातला सगळा धूर माझ्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून आत जात होता.

मी पळालो. दारात पोचलो. वर्गात धूर भरलेला, आणि त्यात माझी सव्वीस पोरं ओठांवर बोट ठेवून बसलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणी शर्टात तोंड खुपसून खोकत होतं. उठलेलं कुणीच नव्हतं.

मी ओरडलो, बाहेर चला. पोरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पुढच्या बाकावरच्या एकाने मला समजावून सांगितलं, "सर, तुमना चश्मा आठेच शे ना." चष्मा इथेच आहे, म्हणजे सर वर्गातच.

मी तो उचलून खिशात कोंबला, तेव्हा पोरं उठली.

लिंबाखाली दोनदा मोजली. सगळी धड होती. पाणी पाजलं, तोंडं धुतली, खोकला थांबला. आबा बिचारे घमेल्यावर पाणी ओतून पुन्हापुन्हा माफी मागत होते.

तेवढ्यात दीक्षा जवळ आली. वर्गातली सगळ्यात गुणी पोरगी, वर्षभरात एकदाही हिचं नाव फळ्यावर आलेलं नाही. माझी बाही ओढून हळू आवाजात म्हणाली, "सर, मनं नाव लिखू नका... खिडकी लावानी व्हती मले."

शेजारचा पोरगा फार खोकत होता, म्हणून ती खिडकी लावायला उठली होती. खिडकी गंजलेली, लागली नाही... मग परत येऊन ओठांवर बोट ठेवून बसली. सव्वीस जणांतल्या एकटीने शहाणपणाचं काही केलं, आणि ती माझी माफी मागत होती.

मी तिथेच खाली बसलो. आमच्या वर्गाच्या भिंतीपलीकडे खिचडीची खोली आहे... गॅसची टाकी तिथेच असते. एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, चूक माझी होती. धोका दिसला तर कुणाची वाट बघायची नाही, माझीसुद्धा नाही. दीक्षाला सगळ्यांसमोर सांगितलं की तू बरोबर केलंस. तिने मान डोलावली, पण तिला पटलेलं दिसलं नाही. फाइलमधला फोटो मी फाडून टाकला. चष्मा घरी कपाटात आहे.

शुक्रवारी पुन्हा घंटा वाजवली, या वेळी धुराशिवाय. मी वर्गाच्या दारातच उभा होतो. तिसरी सगळ्यांच्या आधी लिंबाखाली पोचली. मोठ्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या, आबांनी पोरांना गोळ्या वाटल्या.

मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत... कारण घंटा वाजल्यावर उठायच्या आधी सव्वीसच्या सव्वीस पोरांनी एकदा टेबलाकडे पाहिलं होतं. दीक्षानेसुद्धा.

टेबलावर काहीच नव्हतं.