नॉर्मल म्हणे, नॉर्मल!

चहा घ्या आणि नीट बसा. माझा हा गाढवपणा आजवर फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, तोही केवळ तिथं हजर होता म्हणून. नाहीतर त्यालाही मी सांगितला नसता!

अडीच वर्षं हो, अडीच वर्षं माझे हातपाय माझे नव्हते. तळपाय असे जळायचे की वाटावं, निखाऱ्यावर ठेवलेत. आणि वरून चिमटा काढा, पत्ता नाही! दुखतं तर बधिर कसं, आणि बधिर तर दुखतं कसं, हे प्रत्येक जण मलाच विचारायचा. अरे, मला ठाऊक असतं तर डॉक्टरांच्या दारात कशाला बसले असते?

मी सौंसरला शाळेत गणित शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून गळायचा. एकदा बस स्टँडवरून चालत शाळेत पोचले, तर चौथीतली एक पोरगी म्हणते, "मॅडम, तुमची एक चप्पल कुठी हाये?"

बघते तर उजवा पाय अनवाणी! अर्धा रस्ता तशीच चालत आले होते. सगळा स्टाफ हसला. मीही हसले आणि मग सामानाच्या खोलीत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. उद्या खडूच धरता आला नाही तर मी करणार काय?

घरी सासूबाईंचं निदान तयारच होतं. "वात हाये वं, वात. भात सोड."

भात सोडला. पायात काळा दोरा बांधला. दोराही कळेना!

मग डॉक्टर सुरू झाले. सौंसरच्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि म्हणाले, "टेन्शन घेऊन राहिल्या तुम्ही." माझं माहेर पांढुर्ण्याचं, म्हणून तिकडच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मानेला पट्टा दिला. दुखतात पाय आणि पट्टा मानेला! छिंदवाड्याच्या डॉक्टरांनी ताकदीची दहा इंजेक्शनं टोचली. "मैडम, इस उमर में होता है." कोणत्या उमर में? सत्तेचाळीस म्हणजे काय म्हातारपण? चौथे नागपूरचे. त्यांनी त्या धडधडणाऱ्या नळीत मला घातलं, बाहेर काढलं आणि सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे."

या शब्दाचा मला इतका संताप येतो ना! परतीच्या बसमध्ये नवरा म्हणाला, "चार चार डॉक्टर खोटे, अन् तू एकटी खरी?"

बरी नाही झाले तरी चालेल, पण ही बाई नाटक करत नाही, एवढं कोणीतरी कागदावर लिहून द्यावं, एवढंच मला पाहिजे होतं.

म्हणून पाचवा डॉक्टर. नागपूरचाच, नसांचा. दोन तास बाहेर बसवलं. आत गेले तर पोरगेलासा, माझ्या हाताखालून शिकून गेल्यासारखा! मी फाइल टेबलावर आपटली आणि सुरूच झाले. चप्पल सांगितली, पट्टा सांगितला, इंजेक्शनं सांगितली. "तुम्ही लोक शिकता तरी काय? एका बाईचे हातपाय मरून राहिले अन् तुम्हाले नॉर्मल दिसते!" नवरा खालून पदर ओढतोय, मी ऐकतेय थोडीच!

बोलता बोलता एक वाजला. मी पर्समधून पुडी काढली, जिभेवर टाकली, वर पाणी प्यायले आणि पुन्हा भांडायला तोंड उघडलं.

"मॅडम, हे काय घेतलं?"

"काही नाही."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती मी तुम्हालाही अजून सांगितली नव्हती, बघा! लोधीखेड्याच्या पलीकडे एका गावात एक बुवा पित्ताची पुडी देतो. पैसा घेत नाही, नारळ घेतो. अट एकच, "कोणाले सांगजा नोको, बाई. सांगतलं की गुण जाते." आमच्याकडे ही अट सगळे पाळतात. देणारा पुडीत काय ते सांगत नाही, घेणारा घेतो म्हणून सांगत नाही. मी तर नवऱ्यालाही बडीशेप सांगितली होती. हातपाय दुखायला लागल्यावर बुवानं रोजच्या एका पुडीच्या दोन केल्या. आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशी मी आपली एक जास्तच घेत होते, तेवढाच आधार!

"पित्ताची पुडी आहे," मी पुटपुटले.

"अवं, ते बडीशेप नव्हती?" नवरा.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "किती दिवसांपासून?"

"तीन वर्षं."

"आणि हातपाय?"

"अडीच."

गणिताची शिक्षिका मी! तीनातून अडीच गेले. दुसरीतली पोरं करतात हो हे!

डॉक्टरनं उरलेल्या पुड्या ठेवून घेतल्या, रक्त तपासायला लावलं. आठवड्यानं आम्ही परत गेलो. रक्तात नको ते धातू निघाले, पुडीतही तेच. त्यांनीच नसा खाल्ल्या होत्या. पुड्या बंद, औषध सुरू, सावकाश सुधारेल म्हणाला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी नवऱ्याकडे वळले. "बघा! खरी होती की नाही मी?" आणि त्याच झोकात डॉक्टरवर घसरले. "मग त्या चौघाईले काऊन नाई समजलं? एकानं तरी विचाराले पाह्यजे होतं न, बाई, दुसरं काही घेता का म्हणून!"

डॉक्टरनं माझीच फाइल माझ्यासमोर उघडली. चार डॉक्टरांचे चार कागद, चार तऱ्हेची अक्षरं. चौघांनीही लिहिलं होतं: इतर औषधे, विचारले, काही नाही. चौथ्यानं तर खाली आणखी एक ओळ इंग्रजीत जोडली होती. मी चष्मा शोधेपर्यंत नवऱ्यानं ती वाचली आणि सावकाश मराठीत सांगितली, "पुन्हा विचारलं तर पेशंट अंगावर येते."

"पाह्य," नवरा म्हणाला, "एवढं तं त्याईनं बरोबर ओळखलं होतं."