आत्या, ओटा आणि साखरेतली फुलं

आमच्या घरात वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. रद्दी विकता येते, जुने कपडे बोहारणीला देता येतात, पण किस्स्यांचं काय करायचं? चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "सुषमा, ते तिखट गुलाबाचं सांग की!" मग मी सांगते, सगळ्यांचा चहा गार होतो, आणि घरी जाईपर्यंत माझ्याकडं आणखी एक नवीन किस्सा जमा झालेला असतो.

तर आमचा कारखाना असा. मी आणि आमच्या खालच्या मजल्यावरची नंदा, दोघी मिळून घरी डोनट करतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत डोनट! त्यातही साधे नाहीत. आमच्या डोनटवर साखरेतली फुलं असतात. खरी फुलं! गुलाबाच्या पाकळ्या, निळी गोकर्ण, झेंडूच्या पाकळ्या. फूल धुवायचं, अलगद कोरडं करायचं, अंड्यातल्या पांढऱ्याचा ब्रशनं पातळ हात फिरवायचा, वरून साखर भुरभुरायची आणि जाळीवर वाळत ठेवायचं. वाळलं की फूल कुरकुरीत होतं आणि नुसतं चमकतं. बरणीत भरून ठेवलं की बरेच दिवस टिकतं.

पहिलं फूल नंदाला दाखवलं. ती म्हणाली, "विषय हार्ड हाय गं! लई भारी!"

मग सासूबाईंना दाखवलं. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, उजेडात धरलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं.

"फुलं देवाला वाहत्यात, न्हायतर मढ्यावर टाकत्यात. खायला ती काय मेथीची भाजी हाय व्हय?"

मी म्हटलं, "आत्या, एक खाऊन तरी बघा."

"मी? ह्या जन्मात न्हाय! आणि आईक, माझ्या ओट्यावर हे खूळ चालायचं न्हाय. ज्या दिवशी माझ्या तोंडात तुझं फूल जाईल, त्या दिवशी ओटा तुझा. तवर वर जायचं!"

वर म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तिथं डोनटच्या आधी आम्हीच तळून निघतो. ते एक वेळ चालेल, पण पावसाळ्यात? कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पत्र्याखाली सगळं दमट, एक फूल वाळत नाही, नुसता चिकटा होतो. खालचं स्वयंपाकघर कसं उबदार, कोरडं! ओटा मिळाला नाही तर पावसाळ्यात धंदा गुंडाळायचा, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि आत्यांना तर शुगर. गोड बंद! म्हणजे बाईंनी पैज लावली तीपण कशी, तर हरायचा चान्सच नाही. मी वर जाऊन रडले, खोटं कशाला बोलू?

*

आमचे मालक, म्हणजे आत्यांचे चिरंजीव, मदतीला फार उत्साही. एकदा गच्चीतल्या कुंड्यांमधला गुलाब संपला, तर हे न सांगताच फुलवालीकडं गेले. बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असतं, ती खायला चालत नाहीत, एवढं त्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं. तेवढंच ऐकलं होतं!

गेले आणि चारचौघांत म्हणाले, "मावशी, गुलाब द्या. पण औषध मारल्यालं नगं. खायला पाहिजे."

मावशीचा हात टोपलीतच थांबला. तिनं ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावणं, घरात भांडण झालंय व्हय? बायको जेवाय घालंना?"

हे काहीतरी डोनटचं सांगायला लागले, पण ऐकतंय कोण! मावशीनं एक गजरा बांधून ह्यांच्या हातात कोंबला. "ह्यो तिला द्या. माफी मागा. आणि वाटंत खाऊ नगा!"

त्या दिवशी गुलाब मिळाला नाही. पण लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी घरी गजरा आणला, तोही फुलवालीच्या धाकानं!

*

कळंब्याच्या एका ताईंच्या पोरीचा वाढदिवस होता. मोठा बॉक्स भरून डोनट गेले, प्रत्येकावर एकेक टपोरी पाकळी. संध्याकाळी ताईंचा फोन.

"डोनट लई भारी झालेत हो. पण एक घोटाळा झालाय."

मी म्हटलं, "काय झालं?"

"आमच्या देवाला मुंग्या लागल्यात!"

झालं असं, की बॉक्स उघडल्यावर पहिला डोनट आजोबांना दिला. आजोबांना वाटलं, देवळातून प्रसाद येतो तेव्हा पेढ्यावर फूल असतं ना, तसंच काहीतरी असणार. त्यांनी पाकळी उचलली, डोळ्यांना लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. आजोबांनी ठेवली म्हटल्यावर आजीनं ठेवली. मग पाहुण्यांनी. मग पोरांनी रांग लावली! देव्हारा फुलांनी भरला आणि डोनट सगळे टकले.

मी म्हटलं, "अहो ताई, ती खायची असतात!"

"आता कशी खायची? आता ती देवाची झाली की! मुंग्या खायल्यात, त्यास्नी कोण सांगणार?"

तेव्हापासून आम्ही बॉक्सवर चिठ्ठी चिकटवतो : 'वरचे फूल खावे. देवाला वाहू नये.' आत्यांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली आणि नंदाला म्हणाल्या, "बघ! देवाला सुदिक चालत न्हाय म्हणून हीच लिवतीया!"

*

आता तिखट गुलाब. ह्यातही मालकच आहेत.

फुलांना साखर एकदम बारीक लागते, म्हणून आम्ही ती मिक्सरला फिरवून घेतो. त्या दिवशी आम्ही दोघी डोनट तळत होतो, म्हणून ह्यांना म्हटलं, "खाली जाऊन तेवढी साखर फिरवून आणा." ह्यांनी आणली. साखर जराशी गुलाबी दिसली. मला वाटलं, शेजारच्या पाकळ्यांची झाक पडली असेल.

ह्यांनी साखर फिरवली होती आत्यांच्या चटणीच्या भांड्यात! आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. वर्षभर त्या भांड्यात दुसरं काही पडत नाही. भांडं कितीही घासा, मसाला आपली जागा सोडत नाही.

ऑर्डर गेल्यावर नंदानं उरलेली एक पाकळी तोंडात टाकली आणि थेट पाण्याच्या माठाकडं पळाली. "सुषे, लावली की वाट!"

आम्ही दोघी फोनकडं बघत बसलो. आता शिव्या येणार, पैसे परत मागणार, पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. फोन वाजला. ऑर्डरवाले काका होते. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे वो. ती झणझणीत फुलं सुट्टी मिळतील काय? आमच्याकडं पावणं आल्यात. मटणाच्या आधी तोंडात टाकायला लई झ्याक लागायलीत!"

कोल्हापुरात माफी मागायची घाई करू नये, हे मी तेव्हा शिकले. ही ऑर्डर अजून येते.

*

एक बाई म्हणाल्या, "आमचा गुरुवार असतो. अंडं चालणार नाही." ऑर्डरला नाही म्हणायचं आमच्या जिवावर आलं. अंड्याशिवाय साखर फुलाला धरणार कशी? नंदानं शोध लावला. पुरणाची डाळ शिजवली की जे पाणी काढतो ना, तो कट! तो आटवून घेतला की चांगला चिकट होतो आणि साखर झकास धरतो.

आता शिमग्याला आमच्या घरी पुरण. पण कट म्हणजे आत्यांचा जीव की प्राण. त्याची आमटी त्या स्वतः करतात, पातेल्याजवळ कुणाला फिरकू देत नाहीत. नंदानं त्यांना दारात गप्पांत गुंतवलं, मी आत जाऊन वाटीभर कट उचलला आणि पातेल्यात तेवढंच पाणी ओतलं. आत्या बोलत होत्या, नंदा माना डोलवत होती, आणि मी पदराखाली वाटी धरून त्यांच्या समोरून जिना चढले. काही कळलं नाही त्यांना!

दुपारी पंगत बसली. मलकापूरहून मालकांचे मामा आले होते. मामांनी आमटीचा भुरका मारला, थांबले आणि म्हणाले, "आक्का, औंदा आमटी जरा पातळ वाटतीया."

आत्या माझ्याकडं न बघता वाढत राहिल्या. "व्हय. आता आमच्यात कटाची आमटी करत न्हाईत. कटाची फुलं करत्यात! जेवून झाल्यावर वर गच्चीत जा, तितं हायत!"

*

मग पावसाळा आला आणि खरी पंचाईत झाली. वरच्या खोलीत काही वाळेना. नंदाच्या घरी मुळातच ओल. उन्हाळ्यात करून ठेवलेली फुलं तेवढी शिल्लक होती, ती मी बरण्यांत भरून आत्यांच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. आमच्या घरात तेवढीच खोली ठणठणीत कोरडी. मी भीत भीतच विचारलं होतं.

"ठेव की," आत्या म्हणाल्या. "मी काय खाते व्हय?"

पण बरण्या उतरायला लागल्या! काठोकाठ भरलेली बरणी चार दिवसांत अर्ध्यावर. मी मुंग्यांचा खडू ओढला. उंदराचा पिंजरा लावला. मग मालकांना धरलं, कारण गोड खायची खोड त्यांनाच आहे.

"तुम्हीच खाताय!"

"आईच्या गळ्याची शपथ, मी हात लावल्याला न्हाय!"

पलंगावरून आत्या कडाडल्या, "माझ्या गळ्याची शपथ कशाला घेतोस रं? आदीच खवखवायलाय त्यो!"

शेवटी आत्याच म्हणाल्या, "तुमी दोघी कामं करा. मी बसते राखणीला." मला बरं वाटलं हो! म्हटलं, माणूस फिरलं. दुपारभर त्या कपाटासमोर बसून राहायच्या, हातात जपमाळ. तरी बरणी आणखी खाली!

"आत्या, अशी कशी जात्यात फुलं?"

"चिमण्या येत्यात."

"दार-खिडकी बंद असताना?"

"कोल्हापूरच्या चिमण्या हायत त्या! त्यास्नी कोण अडवणार?"

श्रावण तोंडावर आला. ऑर्डरी येत होत्या, फुलं संपत होती आणि नवीन करायला जागा नव्हती. नंदा म्हणाली, "दिवाळीपर्यंत बंदच ठेवू या गं." मी हो म्हटलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

दुसऱ्याच दिवशी आत्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेले. नेहमीची शुगरची तपासणी. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, परत बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, साखर एवढी कशी काय वाढली? गोड खाताय काय?"

"छ्या! चहा बिनसाखरेचा घेते."

"पेढा? बर्फी?"

"वाससुदिक घेत न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मीही छातीठोकपणे म्हटलं, "खरंय डॉक्टर. शिमग्याला पोळीचा घासपण घेतला नाही त्यांनी." मला खरंच काळजी वाटायला लागली होती. एवढं पथ्य पाळून माणसाची साखर वाढावी!

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "मग गोळ्या लागू पडत नाहीत असं दिसतंय. आता इंजेक्शन सुरू करावं लागणार. रोज. घरीच, पोटावर."

आमच्या आत्या कुणाच्या बापाला भीत नाहीत, पण सुईला भितात. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी छताकडं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

"सुषमे."

"काय आत्या?"

"उद्यापासनं ओटा तुझा."

डॉक्टरांचं पेन हातातच राहिलं. "आजी, मी साखरेचं विचारतोय! त्यात ओट्याचा काय संबंध?"

"तुमी गप गोळ्या लिवा, डॉक्टर. आता न्हाय वाढायची!"