भीमाबाईच्या कपाटातले कागद

मिठागर विमानतळाच्या कामात गेलं, तेव्हा मिळालेल्या मोबदल्यातून भीमाबाईच्या नवऱ्याने पनवेलजवळच्या गावात भाड्याच्या खोल्या बांधल्या. तो गेल्यावर सगळा कारभार बाईच्या हाती आला. जीभ तिखट, पण भाडेकरूचं पोर तापलं की पेजेचं पातेलं घेऊन हीच दारात हजर.

भाडेकरार, पोलिसांत नोंद असल्या भानगडींत ती पडत नसे. तिची रीत आजूबाजूच्या खोलीमालकांचीच: भाडेकरूचे आधारकार्ड, जन्मदाखला असले असल कागद घ्यायचे आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचे. "कागद आपल्याकडं असला का मानूस पलत नाय," ती ठसक्यात सांगायची.

मुनीरुल गवंडी बंगालमधल्या मालद्याचा. बायको, लहान मुलगी घेऊन राहायचा, भीमाबाईला आई म्हणायचा.

यंदा बांगलादेशी शोधायची मोहीम निघाली. वरून हुकूम सुटले आणि पोलिसांना बंगाली बोलणारा जो तो परदेशी दिसायला लागला. मुनीरुलला त्यांनी बांधकामावरूनच उचललं. कागद मालकिणीकडे आहेत, असं तो कळवळून सांगत राहिला.

भीमाबाई तेव्हा उरणला भाचीच्या साखरपुड्यात होती. हवालदाराचा फोन आला, मुनीरुलचे कागद घेऊन या म्हणाला. नोंद न करणाऱ्या घरमालकांवर गुन्हे दाखल होतायत, हे तिच्या कानावर होतंच. तिने फोन बंद केला, आणि साखरपुडा आटोपला तरी बहिणीकडेच रेंगाळली.

शेवटी जिवाची तगमग सोसेना, तेव्हा ती घरी आली, कागद काढले आणि पोलीस ठाणं गाठलं. तिथून तिला महापालिकेत पिटाळलं, कागद तपासून आणा म्हणून. महापालिकेतला बाबू मान वर न करता म्हणाला, "बंगालचे कागद आम्ही कुठून तपासणार? पोलिसांकडेच जा." एकमेकांकडे बोट दाखवून सगळे मोकळे! बाई रिक्षाने पुन्हा ठाण्यात आली.

फौजदार सत्यजीतने कागद उलटसुलट पाहिले.

"खरे दिसतायत, मावशी. पण फोन का बंद ठेवलात? त्याला सीमेवर पाठवलं. काल रात्री पलीकडे सोडलाही."

"परत आना त्याला, सायब! तो आपल्याच देशाचा हाय. गुना लावायचा तो माज्यावर लावा!"

"आता माझ्या हातात काही नाही."

तिथेच टेबलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.

खोलीच्या उंबऱ्यात मुनीरुलची बायको मुलीला घेऊन बसली होती. भीमाबाईने सगळं सांगितलं, फोन बंद केल्याचंही. ही आता शिव्या घालील, अंगावर येईल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं.

मुनीरुलची बायको मुलीला मांडीवरून उतरवून उठली. मग हळूच म्हणाली, "आई, माझे कागद पण तुमच्याकडे आहेत. ते द्या ना."

भीमाबाईने तिला आपल्या घरात नेलं आणि कपाटापुढे कमरेची किल्ली काढली. पण ती कुलपाला लावायला काही धजेना. शेवटी मुनीरुलच्या बायकोनेच तिच्या हातातून किल्ली घेतली आणि कपाट उघडलं.